नसबंदीचा कागद जपा



गोंड वस्त्यांत आणि कोलाम पोडांवर बायका विचारतात, "ताई, पाळणा लांबवायचा खर्च विम्यात बसतो का?" (आपल्या पत्रकात हा विषय काहींना रुचणार नाही, ठाऊक आहे.)

कंपन्यांच्या आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. गर्भनिरोधन आणि नसबंदी वगळण्याची मुभा नियमातच आहे. पण त्यावाचून अडत नाही. निरोध, माला-एन, छाया गोळ्या, तांबी आणि तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळते.

विम्यासारखे संरक्षण आहे ते नसबंदीला. रमाकांत राय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1 मार्च 2005 रोजी आदेश दिला आणि त्याच वर्षी भरपाईची योजना आली. सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यातली शस्त्रक्रिया फसून दिवस गेले तर 60,000 रुपये मिळतात. मागणी 90 दिवसांत करावी लागते.

घोडे अडते कागदावर. नसबंदीचे प्रमाणपत्र त्याच दिवशी हातात पडत नाही. बाईला साधारण महिन्याने मिळते, पुरुषाला तीन महिन्यांनी, तेही वीर्यतपासणी झाल्यावर. तोवर कापूस वेचणी लागलेली असते. मजुरी बुडवून परत कोण जाणार? आणलाच कागद, तर गळक्या छपराखाली तो पावसाळाभर टिकत नाही. म्हणून घरभेटीत आम्ही आधी प्रमाणपत्राचेच विचारतो. मंडळीतून ज्यांना मदत करायची असेल त्यांनी प्लास्टिकची पाकिटे आणि दवाखान्यापर्यंतचे एस.टी.चे भाडे द्यावे.