उंच घरं (भाग 5) : किल्ल्या हातात पडल्यावर

नकाशा मंजूर होण्यापासून ताबा मिळेपर्यंत सरकारी नजर कुठे-कुठे असते, ते मागच्या भागात पाहिलं. लोक राहायला आले की ती नजर कुठे जाते?

राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016च्या आवृत्तीनुसार 15 मीटर किंवा त्याहून उंच ती ‘उंच इमारत’. संहिता मुळात शिफारसवजा. राज्याने किंवा महापालिकेने आपल्या नियमांत घेतली, तरच ती बंधनकारक. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगच्या गल्ल्यांमधलं तीन-चार मजली वसतिगृह या रेषेच्या अलीकडेच राहतं. खोल्या विद्यार्थ्यांनी गच्च भरलेल्या असल्या, तरी उंचीसाठीची कडक कलमं त्याला लागत नाहीत. उंची मोजायला सोपी, म्हणून नियम तिला धरून बसतात. पण इंदूरच्याच स्वर्णबाग कॉलनीत 7 मे 2022च्या पहाटे सात जण गेले, ती इमारत काही टोलेजंग नव्हती. खाली उभ्या केलेल्या दुचाकीला एकाने आग लावली आणि बाहेर पडायची वाटच धुराने भरली.

खऱ्या टोलेजंग इमारतीचं गणित वेगळं. मुंबई अग्निशमन दलाची सर्वांत उंच शिडी 90 मीटरपर्यंत जाते, तीही गाडी उभी करायला मोकळी जागा असेल तर. त्यापुढे इमारतीनेच स्वतःची आग विझवायची असते. गच्चीवरची टाकी, पंप, जिन्यालगतचा पाण्याचा उभा नळ, छतातले फवारे, आपोआप मिटणारी दारं, यांतलं एक जरी निकामी असलं तरी वरच्या मजल्यांवरची माणसं अडकतात. (त्या दाराला वीट लावून ते उघडं ठेवण्याची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे.) करी रोडच्या ‘वन अविघ्न पार्क’ला 22 ऑक्टोबर 2021 रोजी एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. जीव वाचवताना बाल्कनीतून लटकलेला तरुण सुरक्षारक्षक खाली पडून गेला. साठ-एकसष्ट मजल्यांच्या त्या आलिशान इमारतीतली अग्निशमन यंत्रणा चालू नव्हती, असं दलाने सांगितलं. यंत्रणा बसवलेली होती. प्रश्न ती चालू ठेवण्याचा होता.

महाराष्ट्राच्या 2006च्या आग प्रतिबंधक कायद्याने यावर उपाय काढला तो ‘बी फॉर्म’चा. दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीने तपासायचं आणि यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा. कल्पना चांगली, पण एजन्सी निवडते सोसायटी आणि पैसे देतेही सोसायटीच. तपासणाऱ्याचं बिल ज्याच्या खिशातून, त्याला नापास कोण करणार? दलाने अचानक येऊन पंप सुरू करून पाहिल्याशिवाय त्या कागदाला वजन येत नाही, असं माझं मत.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये 14 जून 2017ला लागलेल्या आगीत 72 माणसं गेली. त्यानंतर 2022च्या कायद्याने इंग्लंडने स्वतंत्र नियामक नेमला. किमान 18 मीटर किंवा किमान सात मजल्यांच्या निवासी इमारतींना नोंदणी सक्तीची झाली आणि प्रत्येकीसाठी उत्तरदायी कोण, हे नावानिशी ठरलं. उंचीची रेषा तिथेही आहेच, पण तिच्यापुढे जबाबदारी ढकलायला जागा कमी. आपल्याकडे बिल्डर सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटी एजन्सीकडे, एजन्सी आपल्या शिक्क्याकडे.

पुढच्या भागात आसरा-मजला : 24 मीटरच्या वर तो कशासाठी ठेवतात, आणि तिथे जुने सोफे कसे पोहोचतात.