जैसलमेरची हंटर विमानं आणि लोंगेवाला

'बॉर्डर' सिनेमामुळे लोंगेवाला घराघरात पोहोचलं, पण जैसलमेरच्या हवाई तळाची कामगिरी अनेकांना नीट ठाऊक नाही.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानी रणगाडे लोंगेवाला चौकीवर चालून आले. मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि २३ पंजाबच्या सुमारे १२० जवानांनी रात्रभर चौकी लढवली. जैसलमेरला मोजकीच हंटर विमानं होती आणि त्यांना रात्री हल्ला करण्याची सोय नव्हती. त्यामुळे उजाडेपर्यंत थांबणं भाग होतं.

५ डिसेंबरला फटफटताच हंटर झेपावली. प्रत्येक विमानाला ३० मिलिमीटरच्या ४ तोफा, शिवाय रॉकेट्स! लष्कराचं छोटं कृषक विमान वरून लक्ष्य दाखवत होतं. उघड्या वाळवंटात लपायला जागा नाही, डोक्यावर पाकिस्तानी हवाई दलाचं संरक्षणही नाही. जीव वाचवायला गोल गोल फिरणाऱ्या रणगाड्यांच्या चाकोऱ्या हवाई छायाचित्रांत आजही स्पष्ट दिसतात.

आज हा तळ नैर्ऋत्य हवाई कमांडखाली आहे. जैसलमेरला गेलात तर किल्ल्याबरोबरच तिथलं युद्ध संग्रहालय आणि तिथे ठेवलेलं हंटर विमान आवर्जून बघा. मुलांनाही न्या!