दार कुणाचं कुणाला बसतं?

मानवी अंतराळयानांचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सोयुझ भारी, ड्रॅगन भारी, की चीनचं शेनझोउ? प्रश्न चुकीचा नाही. स्वतःच्या यानातून, स्वतःच्या रॉकेटवर माणूस कक्षेत पाठवणारे देश आजही तीनच आहेत, त्यामुळे तुलना होणारच. पण आसनं किती, वजन किती, हा तक्ता तुम्हाला कुठेही मिळेल. आज आम्ही ही यानं दुसऱ्याच एका प्रश्नावरून तपासणार आहोत. वर कुणी अडकलं, तर दुसऱ्या देशाचं यान त्याला आणायला जाऊ शकतं का?

आधी यानांची जुजबी ओळख करून घेऊ. सोयुझचे तीन भाग असतात. पुढे गोलसर कक्ष, मध्ये घंटेच्या आकाराची कुपी आणि मागे इंजिनाचा भाग. परत येते ती फक्त मधली कुपी. म्हणजे उष्णतारोधक कवच लागतं ते तेवढ्याच भागाला, आणि वजन वाचतं. १९६७ पासून माणसं नेणारं हे यान आतून कितीदा तरी बदललं, पण ही मांडणी टिकली. शेनझोउचीही मांडणी हीच आहे, फक्त अंग मोठं. चीनने नव्वदच्या दशकात रशियाकडून तंत्रज्ञान विकत घेतलं होतं, पण म्हणून शेनझोउ ही निव्वळ नक्कल ठरत नाही. ड्रॅगनमध्ये मात्र एकच मोठी कुपी, चार माणसं आणि परतीला समुद्र. सोयुझ आणि शेनझोउ जमिनीवर उतरतात. रशियाकडे गवताळ मैदानांना तोटा नव्हता आणि अमेरिकेकडे आरमाराला, एवढं साधं कारण मुळाशी आहे.

आता दाराकडे वळू.

दोन यानं कक्षेत जोडायची, म्हणजे डॉकिंग करायचं, तर जुनी पद्धत अशी: एका यानाला पुढे दांडा, दुसऱ्याला नरसाळ्यासारखा खळगा. दांडा खळग्यात घुसतो, टोकाशी अडकतो, मग आत ओढून घट्ट बसवायचं. सोव्हिएत आणि अमेरिकन, दोघांनीही हीच युक्ती काढली, पण आपापली मापं ठेवून. त्यात दांड्याच्या यानाला खळग्याचंच यान लागतं. म्हणजे दोन अपोलो कुपी एकमेकींसमोर आणल्या, तर दोघींकडे दांडेच. एका देशातली दोन यानंसुद्धा एकमेकांच्या मदतीला येतील याची खात्री नव्हती. जानेवारी १९६९ मध्ये सोयुझ ४ आणि ५ जोडली गेली, तेव्हा तर मधून जायला वाटच नव्हती. दोघा अंतराळवीरांना पोशाख चढवून बाहेरून दुसऱ्या यानात जावं लागलं.

मे १९७२ मध्ये निक्सन आणि कोसिगिन यांनी करारावर सही केली आणि १९७५ मध्ये अपोलो-सोयुझ जोडायचं ठरलं. पुष्कळ जण त्याला हस्तांदोलनाचा सोहळा म्हणून सोडून देतात. आम्हाला तसं वाटत नाही. त्यातलं अभियांत्रिकीचं काम बघा.

पहिली अडचण म्हणजे कुणाकडे दांडा आणि कुणाकडे खळगा? हा मानापमानाचाही प्रश्न होता. दोन महासत्तांपैकी ‘खळगा’ कोण व्हायला तयार होईल? पण त्यामागे खरी तांत्रिक गरजही होती, कारण संकटात दोन्ही बाजू सारख्या कामाच्या हव्यात. व्लादिमिर सिरोम्यात्निकोव्ह या सोव्हिएत अभियंत्याने अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर जी जोडणी घडवली, ती दोन्हीकडे एकसारखी होती. मध्ये दांडा नाहीच. कडेने एक कडं आणि त्यावर तीन पाकळ्या. समोरच्याच्या तीन पाकळ्या यांच्या फटीत बसतात, आपण दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफतो तशा. पुढाकार कुणीही घ्यावा. यंत्रणा कडेला गेल्यामुळे मधला रस्ताही मोकळा झाला. १७ जुलै १९७५ ला पहिल्या जोडणीत अपोलोने पुढाकार घेतला, आणि दोन दिवसांनी मुद्दाम सुटून पुन्हा जोडणी केली तेव्हा सोयुझने.

दुसरी अडचण हवेची, आणि ती जास्त मजेशीर आहे. सोयुझमध्ये आपल्या घरासारखीच हवा, तेवढ्याच दाबाची. अपोलोमध्ये निव्वळ ऑक्सिजन, पण दाब साधारण एक तृतीयांश. सोयुझमधला माणूस दार उघडून थेट अपोलोत गेला तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होणार. खोल पाण्यातून झटकन वर येणाऱ्या पाणबुड्याला होतं तसंच. म्हणून अमेरिकेने मध्ये सुमारे तीन मीटर लांबीची एक वेगळी खोली बसवली. तिथे थांबायचं, दाब जुळवायचा, मग पुढे जायचं. सोव्हिएतांनी सोयुझमधला दाबही साधारण दोन तृतीयांशावर आणला, म्हणजे थांबावं कमी लागेल. भाषेचा तोडगा असा, की प्रत्येकाने दुसऱ्याची भाषा बोलायची. लिओनोव्ह थट्टेने म्हणायचे की टॉम स्टॅफर्ड बोलतात ती ‘ओक्लाहोमस्की’. पाहुण्यांपुढे त्यांनी व्होडकाची चिठ्ठी लावलेल्या नळ्या ठेवल्या होत्या. आत होतं बीटचं सूप.

मग वीस वर्षं काहीच नाही. अफगाणिस्तान आलं, संबंध पुन्हा गोठले. पण ती जोडणी मेली नाही. सिरोम्यात्निकोव्ह यांनी ती सुधारली ती ‘बुरान’ या सोव्हिएत शटलसाठी. बुरान १९८८ मध्ये एकदाच, माणसांविना उडालं. त्याच्यासाठी मीर स्थानकावर ठेवलेल्या दाराला जून १९९५ मध्ये अमेरिकेचं अटलांटिस शटल येऊन लागलं! चीनच्या शेनझोउची जोडणीही याच घराण्यातली. म्हणजे आज एकमेकांशी धड न बोलणाऱ्या देशांच्या दारांचा पूर्वज एकच आहे.

दार नसलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या ओळखीचं आहे. कोलंबिया, जानेवारी २००३, कल्पना चावलासह सात जण. उड्डाणावेळी फेसाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. सोळा दिवस ते कक्षेत होते, वर अवकाशस्थानकही होतं. तिथे आसरा का घेतला नाही? एक तर त्या मोहिमेत कोलंबियावर स्थानकाला जोडण्याची यंत्रणा नव्हती. दुसरं म्हणजे कक्षा. कोलंबियाची कक्षा विषुववृत्ताशी ३९ अंश कललेली, स्थानकाची ५१.६. कक्षेचा कल बदलणं हे गाडी शेजारच्या रस्त्यावर घेण्याइतकं सोपं नसतं. त्याला प्रचंड इंधन लागतं. नंतर चौकशी समितीने तपासलं, की धोका वेळेत ओळखला असता तर तयारीत असलेलं अटलांटिस धाडता आलं असतं का? शक्य होतं, पण कसोटीचं. आणि माणसांना एका शटलमधून दुसऱ्यात बाहेरूनच न्यावं लागलं असतं, सोयुझ ४ आणि ५ सारखं. म्हणून २००९ मध्ये हबल दुर्बिणीच्या दुरुस्तीला शटल गेलं तेव्हा दुसरं शटल तळावर सज्ज उभं ठेवलं होतं.

अलीकडच्या तीन घटना बघा. डिसेंबर २०२२ मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयुझ एमएस-२२ मधून शीतक गळून गेलं. तीन माणसांची परतीची गाडी बिघडली. रशियाने दुसरं सोयुझ रिकामं पाठवलं, पण ते येईपर्यंत अमेरिकेच्या फ्रँक रुबिओंसाठी तात्पुरती सोय ड्रॅगनमध्ये केली. त्यासाठी सोयुझमधलं त्यांच्या अंगाच्या मापाचं आसनाचं अस्तर काढून ड्रॅगनमध्ये ठेवावं लागलं. ते तिथे नीट बांधता आलं, हीच मोठी गोष्ट.

मग २०२४ चं स्टारलायनर. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर गेले त्या यानातून, परत आले मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून. दोन्ही यानं एकाच देशाची, दोन्हींची दारं स्थानकाला बसणारी. पण स्टारलायनरचा पोशाख ड्रॅगनच्या नळ्यांना जोडता येत नव्हता! ड्रॅगनसाठीचे पोशाख वेगळे लागले. पन्नास वर्षांपूर्वी दोन शत्रूंनी जुळवलं, ते एका देशातल्या दोन कंपन्यांनी जुळवलं नव्हतं. आमच्या मते या सगळ्या कथेतली ही सर्वांत न पटणारी बाब आहे.

तिसरी घटना चीनची. नोव्हेंबर २०२५ मध्ये शेनझोउ-२० च्या खिडकीला तडा गेलेला आढळला. अवकाशातल्या कचऱ्याचा मार असावा, असा अंदाज. त्यातले तिघे शेनझोउ-२१ मधून परतले. मग मागे राहिलेल्या तिघांना सुरक्षित परतीचं यानच नव्हतं. २५ नोव्हेंबरला रिकामं शेनझोउ-२२ पोहोचलं, तोवर दीड आठवडा गेला. त्या काळात ड्रॅगन जाऊ शकलं असतं का? नाही. चिनी स्थानकाची कक्षा साधारण ४१.५ अंशांची, म्हणजे दहा अंशांचा फरक. तो पुसायला सेकंदाला १.३ किलोमीटरच्या आसपास वेगबदल लागतो, तेवढं इंधन या यानांत नसतं. जमिनीवरून नवं यान थेट त्या कक्षेत पाठवता येतं, पण दारं एकमेकांना बसतात हे कुणी कधी तपासलेलं नाही. तपासायचं तर दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एकत्र बसावं लागेल, आणि २०११ पासून अमेरिकन कायदा नासाला विशेष परवानगीशिवाय चीनशी थेट सहकार्य करू देत नाही.

दाराचं माप खुलं करण्याचा प्रयत्न झालेला आहे. अवकाशस्थानकाच्या भागीदारांनी २०१० मध्ये जोडणीचं एक सामायिक मानक जाहीर केलं, मधला रस्ता ८०० मिलिमीटरचा. कुणीही त्या मापाचं दार करावं. ड्रॅगन आणि स्टारलायनर ते पाळतात. सोयुझ अजून दांडा-खळग्यावरच आहे.

आपलं गगनयान यात कुठे बसतं? आखणीप्रमाणे तीन जण, तीन दिवस, सुमारे ४०० किलोमीटर उंची. सुरुवातीला कुठे जोडायचं नाही, त्यामुळे सुटकेची सगळी भिस्त स्वतःवरच. उड्डाणात काही बिघडलं तर कुपी ओढून दूर नेणाऱ्या यंत्रणेची एक चाचणी ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. जोडणीचा पहिला धडा इस्रोने १६ जानेवारी २०२५ ला गिरवला, स्पेडेक्सच्या दोन छोट्या उपग्रहांवर. त्यातली जोडणी दोन्ही बाजूंनी एकसारखी, कडेने बसणारी, त्याच आंतरराष्ट्रीय मानकाच्या धर्तीवरची आहे. आकाराने मात्र लहान. माणूस जाईल एवढं दार अजून कक्षेत जोडून पाहायचं आहे. २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं स्थानक व्हावं असं ठरलंय. त्याच्या दाराचं माप काय असेल आणि ते स्थानक कोणत्या कलाच्या कक्षेत फिरेल, या दोन निर्णयांवर ठरेल की अडचणीच्या वेळी तिथे कुणाकुणाचं यान येऊ शकेल. 

इथे थांबू. आता प्रश्न घेऊया.