स्नायू केवळ ओढतो

मानवी शरीरात हाडांना जोडलेले सहाशेहून अधिक स्नायू आहेत; त्यांपैकी एकही ढकलू शकत नाही. आकुंचन पावून हाड ओढणे, एवढेच त्याचे कार्य. म्हणून बहुधा त्यांच्या जोड्या असतात: दंडाचा द्विशिरस्क स्नायू कोपर वाकवतो, मागचा त्रिशिरस्क ते सरळ करतो. हातगाडी ढकलणाऱ्या हमालाच्या दंडातही हा त्रिशिरस्क ओढतच असतो! सर्वांत मोठा नितंबस्नायू आपणांस बैठकीतून उठवतो. श्वासपटल झोपेतही थांबत नाही.

हे ज्ञान सहजी लाभलेले नाही. युरोपातील विद्यापीठांत प्राध्यापक उच्चासनावरून गेलेनचा ग्रंथ वाचीत आणि शवावरील सुरी नाभिकाच्या हाती असे. पादुआच्या वेसालिअसने ती सुरी स्वतः उचलली. १५४३ साली त्याचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा गेलेनने वर्णिलेले अवयव पुष्कळदा माकडांचे होते, हे उघड झाले.