गाडीखाली ऑइलचा डाग दिसतोय? क्रँकशाफ्टचं पुढचं ऑइल सील कसं बदलतात, समजून घ्या

विलेपार्ल्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जुनी हॅचबॅक उभी असते. शेजारच्या काकांची. वॉचमनने एक दिवस त्यांना गाडीखालचा काळा डाग दाखवला. काका म्हणाले, "जुनी गाडी आहे, थोडं तेल गळणारच." डागावर पुठ्ठा टाकला आणि विषय संपला. दोन महिन्यांनी बेल्टची किंचाळी सुरू झाली, तेव्हा कुठे गाडी गॅरेजला गेली. दोषी निघालं एक रबरी कडं: क्रँकशाफ्टचं पुढचं ऑइल सील. तुमच्या घरीही बाबांची जुनी गाडी असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा.

हे सील नेमकं करतं काय?

पिस्टन वर-खाली होतात आणि क्रँकशाफ्ट ती हालचाल गोल फिरण्यात बदलतो. त्याचं पुढचं टोक इंजिनाच्या बाहेर येतं आणि त्यावर पुली बसते. त्या पुलीवरच्या बेल्टने अल्टरनेटर वगैरे फिरतात. आता प्रश्न असा की, आत ऑइल, बाहेर हवा आणि मधून फिरता दांडा. मग ऑइल बाहेर का येत नाही? कारण तिथे सील असतं. बाहेरून धातूचं कडं, आत रबराची पातळ ओठासारखी कड, आणि ती कड शाफ्टला चिकटून राहावी म्हणून मागे बारीक गोल स्प्रिंग.

गाडी नुसती उभी असताना इंजिन ८०० आरपीएमवर असेल, तर शाफ्ट सेकंदाला सुमारे १३ वेळा फिरतो. ३००० आरपीएमला सेकंदाला ५० वेळा! एवढं घासूनही ती कड वर्षानुवर्षं टिकते.

मग खराब का होतं?

- उष्णतेने रबर कडक होतं आणि त्याला चिरा पडतात.
- शाफ्टवर त्या कडेच्या रेषेत बारीक खाच पडते.
- पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला तर इंजिनात दाब वाढतो आणि ऑइल बाहेर ढकललं जातं. हे कारण तसंच ठेवलं तर नवं सीलही गळू शकतं.

ओळखायचं कसं?

बेल्टच्या बाजूला, पुलीच्या मागे ऑइल दिसतं. पुली फिरताना ते आजूबाजूला उडतं. पण थांबा, लगेच निष्कर्ष काढू नका. वरच्या व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळालं तरी ऑइल ओघळून तिथेच येतं. म्हणून आधी तो भाग स्वच्छ पुसा, गाडी थोडी फिरवा, इंजिन बंद करून थंड होऊ द्या आणि मोबाईलच्या टॉर्चने बघा. सगळ्यात वरचा ओला भाग शोधा, गळती बहुतेक तिथेच असते. इंजिन चालू असताना बेल्टजवळ हात किंवा फोन नेऊ नका.

दुर्लक्ष का करायचं नाही?

१९८३ ते २०१४ बनलेली मारुती ८०० आठवते? तिच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट होता. अशा इंजिनात सील बेल्टच्या कव्हरआड असतं, म्हणजे गळकं ऑइल थेट बेल्टवर. ऑइलने बेल्टचं रबर फुगतं, दात सरकतात. काही इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. स्वस्तातल्या सीलपायी अख्खं इंजिन उघडावं लागतं! टायमिंग चेनच्या इंजिनात चेनला ऑइलचा त्रास नाही, पण लेव्हल घटत राहते.

बदलतात कसं?

१. इंजिन थंड करून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढतात. गाडी जॅकने उचलून स्टँडवर ठेवतात. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जायचं नाही.
२. चाक आणि बाहेरचे बेल्ट काढतात. त्याआधी बेल्टच्या मार्गाचा फोटो काढून ठेवा, परत बसवताना सोनं ठरतो.
३. क्रँक अडवून धरून पुलीचा बोल्ट सोडवतात. तो प्रचंड घट्ट असतो. पुली पुलरने काढतात, हातोड्याने नाही.
४. टायमिंग बेल्ट असेल तर आधी खुणा जुळवून फोटो घेतात, मगच बेल्ट आणि दातेरी चाक काढतात.
५. जुनं सील किती आत बसलंय ते मोजून, ते हलकेच उचकटतात. शाफ्टवर ओरखडा आला की नवं सीलही गळणार.
६. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू आत, ऑइलकडे. रबरी कडेला थोडं ऑइल लावतात. पण पीटीएफईची काही सील कोरडीच बसवायची असतात, पाकिटावरची सूचना वाचा.
७. सीलच्या बाहेरच्या मापाची गोटी किंवा पाईप टेकवून सरळ, सारखं ठोकत जुन्याच खोलीवर बसवतात.
८. ऑइल लागलेला बेल्ट पुसून परत वापरत नाहीत, नवाच टाकतात. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळतात. इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासतात आणि मगच स्टार्टर मारतात.

घरी करावं का?

पार्ल्यातल्या अरुंद पार्किंगमध्ये आणि पहिल्यांदाच? नको. एक दात चुकला तरी टायमिंग बिघडतं. पण गॅरेजमध्ये हे तीन प्रश्न जरूर विचारा: शाफ्टवर खाच आहे का? पीसीव्ही तपासला का? बेल्ट बदलणार का? सील स्वस्त असतं, पैसे लागतात ते उघडझाप करण्याच्या मजुरीला. त्यामुळे बेल्ट बदलायची वेळ जवळ आली असेल तर दोन्ही कामं एकत्र उरका.

तोवर डिपस्टिकवर लक्ष ठेवा आणि लेव्हल कमी असेल तर टॉपअप करा. डागावर माती किंवा भुसा टाकून तो उचला, पाणी मारून गटारात ढकलू नका. आमच्या काकांचा पुठ्ठा आता गेला, फरशी कोरडी आहे. आज गाडी काढताना एकदा खाली वाकून बघाच!