पंचेचाळीस अंशांतली डार्करूम

छायाचित्रणाच्या कुठल्याही पुस्तकात फिल्म धुण्याचं तापमान एकच छापलेलं असायचं : 20 अंश सेल्सिअस. अचलपुरात मे महिन्यात माठातलं पाणीही एवढं गार होत नाही. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं आणि पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात असतो. चिखलदरा जवळच आहे, सुमारे 1,100 मीटर उंचीवर, पण स्टुडिओ काही घाट चढून वर नेता येत नाही. गिऱ्हाईक इथे, लग्नं इथे, पासपोर्ट साइझच्या कॉप्यांची घाई इथेच.

कॅमेऱ्यांवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. चित्र ज्या पाण्यात उमटतं त्या पाण्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. वऱ्हाडापुरतं बोलायचं तर कृष्णधवल फोटोची खरी अडचण उन्हाची आणि पाण्याची होती. ती यंत्राने सोडवली, पण वऱ्हाडातल्या फोटोवाल्यापर्यंत ते यंत्र आलं नाही.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा थर आणि त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. प्रकाश लागलेल्या कणांची डेव्हलपर काळी चांदी करतो. न लागलेले कण हायपो विरघळवून नेतो, आणि मग पाण्याने हायपो धुऊन काढायचा. उष्णतेची मेख या क्रियेत दोन ठिकाणी बसते. पहिली वेळेची. डी-76 सारख्या डेव्हलपरमध्ये एखाद्या फिल्मला 20 अंशांवर आठ मिनिटं लागत असतील, तर 24 अंशांवर सहाच्या आत काम होतं. तीस ओलांडलं की वेळ इतका कमी उरतो की द्रावण सगळीकडे सारखं पोचायच्या आतच काम उरकतं. पाच मिनिटांच्या आत धुतलेली निगेटिव्ह ढगाळ निघण्याची भीती म्हणूनच असते. दुसरी मेख जिलेटिनची. कोमट अल्कधर्मी पाण्यात ते फुगतं, मऊ पडतं, कडेने सुटायला लागतं. गरम डेव्हलपरमधून एकदम थंड पाण्यात टाकलं तर थराला जाळीदार सुरकुत्या पडतात, आणि नवरदेवाच्या गालावर पडलेली अशी जाळी कुठल्याही टचिंगने निघत नाही.

यावर उष्ण देशांसाठी सांगितलेले उपाय असे : रोल रात्री किंवा पहाटे धुवा. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या घमेल्यात उभी करा, बर्फ द्रावणात टाकू नका, नाहीतर ते पातळ होईल. डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घाला, म्हणजे जिलेटिन कमी फुगतं. आणि हायपोत तुरटी घाला. ही तुरटी म्हणजे न्हाव्याकडची, गढूळ पाण्यात फिरवायची तीच, पोटॅश अ‍ॅलम. ती जिलेटिनला घट्ट करते. मात्र तिच्या जोडीला अ‍ॅसेटिक आम्ल लागतं. आम्ल कमी पडलं की हायपो दुधासारखा पांढरा होतो आणि सगळा साका फिल्मवर बसतो.

पाण्याची तऱ्हा आणखी वेगळी. अचलपूर सातपुड्याच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन या नद्यांच्या आसऱ्याला. खाली दर्यापूर-भातकुलीकडे उतरलं की पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. त्या पाण्याने डाळ शिजत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. डेव्हलपर कालवतानाही जड पाण्यातलं कॅल्शियम चुन्यासारखं खाली बसतं, आणि निगेटिव्ह वाळली की तिच्यावर थेंबाथेंबाचे पांढरे डाग राहतात. पण याच पाण्याची एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात जहाजांवर गोड्या पाण्याची टंचाई, म्हणून फोटो समुद्राच्या पाण्यात धुतले गेले, आणि लक्षात आलं की खाऱ्या पाण्यात हायपो गोड्या पाण्यापेक्षा लवकर निघतो. शेवटी थोडा वेळ गोडं पाणी दिलं की झालं. कोडॅकने बाजारात आणलेलं हायपो लवकर काढणारं द्रावण याच अनुभवातून आलं. म्हणजे तत्त्वाने पाहिलं तर दर्यापूरच्या विहिरीचं पाणी डेव्हलपरला नालायक, पण हायपो काढायला बरं. खारपाणपट्ट्याच्या वाट्याला कौतुकाचा एवढा एक शब्द तरी यायला हरकत नाही.

आता यंत्राकडे. महाराष्ट्रात सिनेमाची फिल्म धुण्याची सुरुवात अर्थातच हाताने झाली. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा, भोकं पाडायचं यंत्र आणि छपाईचं यंत्र घेऊन आले. कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकांची यायची. अंधारात बसून तिला भोकं पाडण्याचं आणि रसायनं कालवण्याचं काम दादरच्या घरी सरस्वतीबाई करायच्या. 3 मे 1913 रोजी कोरोनेशनमध्ये लागलेला ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे 3,700 फुटांचा होता. एवढी फिल्म घरगुती डार्करूममधून काढायची म्हणजे काय, याचा अंदाज ज्याने एक रोल ट्रेमध्ये हलवला आहे त्यालाच येईल.

त्या काळची जगभरची रीत अशी : लाकडी चौकटीवर दोनेकशे फूट फिल्म गुंडाळायची आणि ती चौकट उभ्या टाकीत बुडवायची. हजार फुटांच्या रिळाला पाच चौकटी झाल्या. पहिल्या चौकटीपासून पाचवीपर्यंत डेव्हलपर थकत गेलेला, म्हणून रंगछटेत फरक. शिवाय चौकटीच्या काठावर जिथे फिल्म वळते तिथे द्रावण वेगळं लागतं, आणि ठरावीक अंतराने पडद्यावर लुकलुक दिसते. मूकपटात हे खपून जायचं. 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला, 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, आणि सगळं गणित फिरलं. बोलपटात आवाज फिल्मच्या कडेलाच प्रकाशचित्र म्हणून छापलेला असतो. काठाची जी लुकलुक डोळ्याला कशीबशी चालायची, ती कानाला घरघर म्हणून ऐकू येऊ लागली. फिल्म यंत्राने धुण्याकडे सिनेमाला ओढलं ते चित्राच्या सौंदर्याने कमी आणि आवाजाने जास्त, असं माझं मत आहे.

हे सलग यंत्र म्हणजे टाक्यांची एक लांब रांग : डेव्हलपर, पाणी, हायपो, मग पाण्याच्या दोन-तीन टाक्या आणि शेवटी गरम हवेचं कपाट. फिल्म रुळांवरून वर-खाली फेऱ्या घालत एका टोकाने अंधारात शिरते आणि दुसऱ्या टोकाने उजेडात, कोरडी बाहेर पडते. डेव्हलपिंगचा वेळ घड्याळावर नाही, फिल्मच्या चालीवर ठरतो. मिनिटाला इतके फूट. मग एक रीळ संपून दुसरं जोडताना काय करायचं? यंत्र थांबलं तर टाकीत असलेला तुकडा करपणार. त्यासाठी सुरुवातीला वर-खाली सरकणाऱ्या रुळांचा एक संच असतो. त्यात फिल्मचा साठा राहतो. कारागीर दोन टोकं स्टेपल करत असतो तेवढ्यात रूळ हळूहळू जवळ येत साठवलेली फिल्म पुढे सोडतात. टाक्यांतल्या फिल्मला काही कळतही नाही.

पण यंत्राचा जीव त्या रुळांत नसून भरपाईच्या द्रावणात आहे. फिल्म जाते तसतसा डेव्हलपर थकतो आणि तिच्यातून ब्रोमाइड सुटून टाकीत साठत जातं. हे ब्रोमाइड पुढच्या फिल्मची क्रिया मंदावतं. म्हणून दर हजार फुटांमागे मोजून नवीन द्रावण सोडायचं, त्यात ब्रोमाइड मुद्दाम घालायचं नाही. बरोबर चाललंय की नाही हे ठरवायला दर पाळीत एक चाचणीपट्टी सोडायची आणि तिच्या काळेपणाचा आलेख काढायचा. हा आलेख हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी 1890 मध्ये इंग्लंडात मांडला. बोलपटाच्या निगेटिव्हसाठी या आलेखाच्या चढाचा आकडा 0.65 च्या आसपास ठेवायचा असे. मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंतली लॅबवाली मंडळी दिवसभर असल्या आकड्यांच्या मागे असायची.

छोट्या गावाला हे यंत्र का परवडलं नाही, याचं उत्तर या भरपाईतच आहे. टाकी भरलेली ठेवली तर हवा लागून डेव्हलपर आपोआप मरतो, फिल्म जावो न जावो. रोज शेकडो फूट माल असेल तरच टाकी जिवंत राहते. अचलपूरला लागून असलेल्या परतवाड्याच्या स्टुडिओत रोजचे रोल किती येणार? तिथे ट्रेच बरा. लाल दिव्याखाली ब्रोमाइड पेपर डेव्हलपरमध्ये टाकायचा, दीड-दोन मिनिटांत चेहरा उमटतो, आणि एखादा भाग मागे राहिला तर बोटाने चोळून त्याला ऊब द्यायची. या बोटाला यंत्रात जागा नाही. यंत्रातून पेपर काढायचा तर प्रकाश आधीच नेमका द्यावा लागतो, म्हणजे कारागिराची अक्कल ट्रेपासून सरकून एन्लार्जरपाशी जाते. माझ्या मते त्यात नुकसान फारसं नाही. बोटाने सुधारलेल्या कॉपीतला निम्मा भाग एन्लार्जरवर झालेली हयगय झाकण्यासाठीच असायचा.

पेपरची यंत्रंही आली, पण वाकड्या वाटेने. 1925 मध्ये अनातोल जोसेफोने न्यूयॉर्कमध्ये नाणं टाकून आठ फोटो देणारी पेटी उभी केली, आणि 1927 मध्ये तिचे हक्क दहा लाख डॉलरना विकले. आपल्या जत्रांत पडद्यापुढे उभं करून फोटो काढणारे मिनिट-कॅमेऱ्यावाले कॅमेऱ्याच्या पोटातच ट्रे ठेवून, बाहीतून हात घालून जवळपास तेच करत होते. त्यांना हक्क विकायला कोणी भेटलं नाही. 1960 नंतर डेव्हलपर आधीच घातलेल्या पेपरवर चालणारी यंत्रं आली. काही सेकंदांत ओलसर कॉपी हातात पडायची, वर्तमानपत्रांना सोयीची, पण नंतर नीट हायपो दिला नाही तर ती पिवळी पडायची. प्लॅस्टिकचा थर दिलेला, पाणी न पिणारा पेपर सत्तरच्या दशकात रुळला तेव्हा कुठे यंत्रातली छपाई सुटसुटीत झाली. तोवर रंगीत फिल्मची लाट आली होती. 1972 मध्ये आलेल्या सी-41 रंगीत प्रक्रियेवर मिनीलॅब बेतल्या गेल्या, आणि अनेक गावांतल्या फोटोवाल्यांनी पाहिलेलं पहिलं यंत्र थेट रंगीत कामाचंच होतं.

कृष्णधवल फिल्मचं यंत्र छोट्या गावांत शिरलं ते दवाखान्याच्या दारातून. एक्स-रेची फिल्मही चांदीचीच, तिचे टप्पेही तेच. कोडॅकने 1956 मध्ये एक्स-ओमॅट नावाचं रुळांचं यंत्र काढलं, त्यात सहा मिनिटांत फिल्म कोरडी होऊन यायची. 1965 च्या सुमारास हाच वेळ नव्वद सेकंदांवर आला. आणि हे कसं साधलं? डेव्हलपर तापवून. नव्वद सेकंदांच्या यंत्रात द्रावण 35 अंशांच्या आसपास ठेवत. जिलेटिन सुटू नये म्हणून फिल्म बनवतानाच थर कडक करत आणि डेव्हलपरमध्ये ग्लुटारल्डिहाइड घालत. ज्या तापमानाला परतवाड्याचा फोटोवाला बर्फाचं घमेलं शोधत फिरायचा, त्या तापमानावर हे यंत्र मुद्दाम चालवत, आणि डिसेंबरात तर त्याला हीटरही लागायचा. फरक फक्त थराचा आणि रसायनाचा. साध्या रोलला ती सोय नव्हती.

आपल्याकडे या फिल्म बनत तेही ठिकाण पाहण्यासारखं. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 1960 मध्ये फ्रान्सच्या बोशे कंपनीच्या सहकार्याने उटीला स्थापन झाली, थंड आणि धूळ नसलेल्या हवेसाठी. उत्पादन 1967 मध्ये सुरू झालं. ‘इंदू’ या नावाने सिनेमाची पॉझिटिव्ह फिल्म, एक्स-रे, रोल, ब्रोमाइड पेपर हे सगळं तिथून यायचं. दोन हजार मीटरवरच्या गारव्यात थर चढवलेला पेपर वऱ्हाडाच्या उन्हात उघडायचा, असा हा मामला.

आता एक्स-रेही ओला राहिलेला नाही. प्रतिमा संगणकावर येते, फिल्म हवी असेल तर उष्णतेने छापणाऱ्या कोरड्या यंत्रातून निघते, ना डेव्हलपर ना हायपो. जुना हायपो मात्र फुकट गेला नाही. त्यात विरघळलेली चांदी लोखंडाच्या किसावर किंवा विजेच्या साहाय्याने वेगळी काढता येते, आणि फिल्मवर राहिलेली काळी चांदीही. म्हणून भंगारवाले जुन्या एक्स-रे फिल्म किलोने घेतात. कोणाच्या बरगडीचा, कोणाच्या मोडक्या मनगटाचा, ते बघत नाहीत. त्यांच्या दृष्टीने फिल्म जितकी काळी तितकी किमती.