कामगाराने दाद कोठे मागावी?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव नकाशावर शेतीचे असले, तरी त्याच्या अर्थव्यवहाराचा एक पाय आता रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत रोवलेला आहे. पहाटे कारखान्याच्या बसची वाट पाहत उभी असलेली तरुण मंडळी हे या परिसरातील नित्याचे दृश्य होय. त्यांपैकीच एक, प्रस्तुत लेखकाचा माजी विद्यार्थी, नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस घरी आला. सहा वर्षे तो एकाच कारखान्यात, एकाच यंत्रावर, परंतु ठेकेदाराच्या नावावर काम करीत होता. ‘उद्यापासून येऊ नकोस’ एवढेच त्याला तोंडी सांगण्यात आले. ओळखपत्र दारावरच काढून घेतले गेले. त्याचा प्रश्न साधा होता : ‘सर, आता कोणत्या कोर्टात जायचं?’

आम्ही अर्थशास्त्र शिकविणारी माणसे. कायद्याचा हा प्रश्न सोपा असेल अशी माझीही समजूत होती. ती चुकीची निघाली.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता अमलात आणल्या. एकूण २९ केंद्रीय कायदे त्यांत सामावले गेले. औद्योगिक संबंध संहितेने १९४७चा औद्योगिक विवाद कायदा निरसित केला, आणि त्या कायद्याखाली स्थापन झालेल्या कामगार न्यायालयांच्या जागी नवी औद्योगिक न्यायाधिकरणे योजिली. ही न्यायाधिकरणे द्विसदस्य. एक सदस्य न्यायिक, दुसरा प्रशासकीय. बडतर्फी, कामगारकपात, कारखाना बंद करणे यांसारखे महत्त्वाचे वाद दोघांनी एकत्र बसून ऐकावयाचे. प्रलंबित प्रकरणेही त्यांच्याकडेच वर्ग व्हावयाची. योजना कागदावर रेखीव होती. उणीव एवढीच की, संहिता लागू झाली तेव्हा ही न्यायाधिकरणे अस्तित्वात नव्हती. जुने घर पाडण्याचा मुहूर्त गाठला गेला. नव्याचा पाया मात्र खणावयाचा राहिला.

हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर ८ डिसेंबर २०२५ रोजी केंद्राने अडचणी दूर करण्याच्या अधिकाराचा वापर करून आदेश काढला : नवी न्यायाधिकरणे स्थापन होईपर्यंत जुनी कामगार न्यायालये व न्यायाधिकरणे जुनी तसेच नवी प्रकरणे चालवतील. मधले सतरा दिवस ती न्यायालये कोणत्या अधिकाराने बसली होती, याचे उत्तर त्या-त्या दिवशी कोणालाही निःशंकपणे देता आले नसते.

सतरा दिवसांनी असे काय बिघडते, असे कोणी म्हणेल. ज्याचा पगार महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो, त्याचे काहीच बिघडत नाही. परंतु अधिकारक्षेत्राचा प्रश्न हा कामगार कायद्यातील सर्वांत महागडा प्रश्न आहे. तक्रारीत तथ्य आहे की नाही हे पाहण्यापूर्वी ‘या न्यायालयाला हा खटला चालविण्याचा अधिकारच नाही’ असा प्राथमिक आक्षेप घेता येतो, तो आक्षेप वरच्या न्यायालयात नेता येतो, आणि तेथे वर्षे जातात. ज्या पक्षाला वेळ हवा असतो त्याला कायद्यातील अशी प्रत्येक फट म्हणजे बिनव्याजी कर्जच होय. आणि ते फेडतो दुसरा पक्ष.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. अनुचित कामगार प्रथांना आळा घालणारा १९७१चा आपला स्वतंत्र राज्य कायदा ८ सप्टेंबर १९७५ पासून लागू आहे. अन्यायाने कमी केलेला कामगार ९० दिवसांत थेट कामगार न्यायालयात तक्रार करू शकतो, ही त्याची मोठी देणगी. संहितेच्या निरसनाच्या कलमात या कायद्याचे नाव नाही. म्हणून तो टिकतो, हा एक पक्ष. संसदेने त्याच विषयावर नंतर कायदा केला असल्याने, राज्य कायद्याला पूर्वी मिळालेली राष्ट्रपतींची संमती विरोधी तरतुदींना तारू शकत नाही, हा दुसरा पक्ष. माझ्या अल्पमतीला पहिला पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. संसदेला हा कायदा नको असता तर तसे लिहिणे अवघड नव्हते. पण या राज्य कायद्यातील कामगाराची व्याख्यादेखील, काही उद्योगांचा अपवाद वगळता, १९४७च्या कायद्याकडेच बोट दाखविते. तो कायदाच निरसित झाल्यावर वकिलांना युक्तिवादासाठी आणखी काय हवे?

तथापि हा वाद कायम कामगारांच्या कामाचा. माझ्या विद्यार्थ्याला त्याचाही उपयोग नाही. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१ मधील दोन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मालक-कामगार हे नातेच वादग्रस्त असेल तर आधी ते योग्य न्यायपीठापुढे सिद्ध करून यावे. तोवर १९७१च्या कायद्याखालील तक्रार चालणार नाही. ठेकेदाराविरुद्ध तक्रार करता येईल, पण ठेका संपल्यावर त्याच्याकडून कोणती नोकरी परत मिळवावयाची? ‘कंत्राट हा केवळ देखावा आहे’ हे सिद्ध करण्याचा मार्ग केंद्रीय कायद्यातूनच जातो. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा तर अशा हक्कांपुरता प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या १९७५च्या निर्णयानेच बंद झालेला. म्हणजे कायम कामगाराला निदान राज्य कायद्याची खिडकी होती; कंत्राटी कामगाराला एकच दार होते, आणि नेमके तेच दार दुरुस्तीसाठी काढून ठेवलेले होते.

संहितेत सारेच वाईट आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. सरकारने वाद न्यायालयाकडे ‘सोपवावा’ म्हणून मंत्रालयाच्या मर्जीकडे डोळे लावून बसण्याची जुनी पद्धत तिने मोडली, हे स्वागतार्ह आहे. समेटासाठी अर्ज देऊन ४५ दिवस झाले की बडतर्फ कामगार स्वतः न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. ही सोय पूर्वीही होती. मात्र त्यासाठीची मुदत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे. कामगाराने घाई करावी असे म्हणणाऱ्या शासनाने स्वतः काय केले? संहिता संसदेत संमत झाली सप्टेंबर २०२० मध्ये. अंमलबजावणीपर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ हाती होता. न्यायाधिकरणे आधी नेमून, निदान ‘तोवर जुनी न्यायालये चालू राहतील’ असे एक वाक्य त्या दिवशीच्याच राजपत्रात छापून, हा सारा गोंधळ टाळता आला असता. प्रशासकीय सदस्यांच्या नेमणुकांचा वेग पाहता पुढेही चिंता आहेच : दोघांपैकी एक आसन रिकामे राहिले, तर बडतर्फीचे प्रकरण ऐकणार कोण?

विद्यार्थ्याला मी एवढेच सुचविले की, न्यायालयाचे काय व्हायचे ते होवो, समेटाचा अर्ज आज दे आणि पोच घे. त्याने डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो दिला. पोच त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हजेरीच्या जुन्या कार्डांबरोबर ठेवली आहे. ही कार्डे, त्यांवर कारखान्याच्या पर्यवेक्षकाच्या सह्या असल्याने, त्याचा एकमेव पुरावा. समेटाच्या पहिल्या तारखेला ठेकेदाराचा माणूस आला नाही. दुसरी तारीख पडली ती कांदाकाढणीच्या दिवसांत. त्या दिवसाची मजुरी आणि पुण्याचे जाण्यायेण्याचे भाडे यांचा हिशेब त्याने माझ्यासमोरच मांडला, आणि सकाळची कोणती एसटी गाठावी ते विचारले.